बॅटरी पेटली तर विमावाले ‘यंत्र’ नेमकं कोणत्या भागाला म्हणणार?

गेले दोन महिने आमच्या घरात जेवताना एकच विषय चालूये, बॅटरी. इन्व्हर्टरची नाही, मोठी, लोखंडी कपाटाएवढी, २१५ युनिट वीज साठवणारी लिथियमची. धाकट्या दिरांना, म्हणजे भाऊंना, ती जिनिंगच्या आवारात बसवायचीये आणि त्यांचं म्हणणं चुकीचं अजिबात नाही. आमची जळगाव जिल्ह्यात धरणगावकडे जिनिंग-प्रेसिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या, हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्चपर्यंत संपतो, मग शेड रिकामी. म्हणून चार वर्षांपूर्वी भाऊंनी मागच्या बाजूला केळीचे रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायच्या थंड खोल्या, टाकले. आता ज्याने केळी पिकवलीये त्याला माहितीये की पिकताना केळी स्वतःच गरम होते, कूलिंग थांबलं की चेंबरचं तापमान चढायला लागतं आणि मे महिन्यात बाहेर ४५ असताना दोन-तीन तास लाईट गेली अन् जनरेटरने दगा दिला तर अख्खा लॉट व्यापारी हात लावत नाही. छतावर सोलर आहे, दुपारी वीज उरते, संध्याकाळी टीओडी मीटरवर, म्हणजे वेळेप्रमाणे दर बदलतो त्या मीटरवर, तीच वीज महाग पडते. दुपारची वीज साठवून रात्री वापरायची, डिझेल वाचवायचं. हिशेब बसतो, मी स्वतः एक्सेलमध्ये मांडून बघितलाय.

पण हिशेब, बँक आणि विमा हे तिन्ही माझ्याकडे आहे, लग्न होऊन आले तेव्हापासून. त्यामुळे आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ताटावरून उठता उठता जो प्रश्न टाकला तो माझ्याच अंगावर आला. “हाई पेटनं ते पैसा कोन दी?” भाऊ म्हणाले, आबा विमा आहे ना. आबा काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यामागे २०१७ ची गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्या वर्षी जानेवारीत प्रेसच्या इलेक्ट्रिक पॅनलमध्ये शॉर्ट सर्किट झालं, पॅनल पेटला, ठिणग्या बाजूच्या रुईवर गेल्या. कापसाची आग ज्यांनी बघितलीये त्यांना वेगळं सांगायला नको, वरून विझलेली दिसते आणि गाठीच्या आत तीन दिवस धुमसत राहते. विम्यासाठी नुकसान मोजणारे सर्व्हेअर आले, व्यवस्थित माणूस होता, सगळं मोजलं. रुईचे पैसे मिळाले, शेडच्या पत्र्याचे मिळाले, पॅनलचे मात्र एक रुपया नाही. आबांना वाटलं फसवलं. मला पण तसंच वाटलं, मी तर फोनवर भांडले सुद्धा. मग त्या सर्व्हेअरनी पॉलिसीचं पान काढून एक कलम दाखवलं आणि मी ते त्या रात्री इतक्या वेळा वाचलं की आजही तोंडपाठ आहे. आगीच्या साध्या पॉलिसीत, ज्याला स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स म्हणतात, असं लिहिलेलं असतं की जास्त चालवल्यामुळे, जास्त दाबामुळे, शॉर्ट सर्किट, आर्किंग, सेल्फ हीटिंग किंवा वीज गळतीमुळे एखाद्या विजेच्या यंत्राचं नुकसान झालं तर ते भरून मिळणार नाही, कारण काहीही असो. पण पुढे लगेच असंही लिहिलंय की ही अट फक्त त्या एका यंत्रापुरती, तिथून आग पसरून दुसरं जे जळेल त्याचे पैसे मिळतील. म्हणजे रुईचे मिळाले ते याच वाक्याने आणि पॅनलचे गेले ते पण याच वाक्याने. कंपनी चुकली नव्हती, आम्ही वाचलं नव्हतं.

आता हेच वाक्य बॅटरीला लावून बघा. मी लावलं आणि माझी झोप उडाली.

लिथियमची बॅटरी बाहेरून कोणी काडी लावली म्हणून क्वचितच पेटते. आत एखाद्या सेलमध्ये शॉर्ट होतो, किंवा जास्त चार्ज होते, किंवा कूलिंगचं पाणी भलत्या ठिकाणी गळतं, सेल तापतो, एका मर्यादेच्या वर गेला की आतल्या रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता तयार करायला लागतात आणि मग तो थांबत नाही, याला थर्मल रनअवे म्हणतात. तापलेला सेल शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला. म्हणजे सुरुवातच शॉर्ट सर्किट आणि सेल्फ हीटिंगने, पॉलिसीत जे शब्द वगळलेत नेमके तेच! पॅनलला आग लागणं हा अपघात होता, एका वेळी कारण शॉर्ट सर्किट असेल, दुसऱ्या वेळी दुसरं काही. बॅटरीच्या बाबतीत जवळपास प्रत्येक आग त्या कलमाच्या दारातूनच आत येणार.

आणि मग खरा प्रश्न. कलम म्हणतं “ते विशिष्ट यंत्र”. भाऊंनी ज्या मॉडेलचं कोटेशन आणलंय त्यात २४० सेल आहेत, ४८-४८ चे पाच पॅक, सगळे एका कॅबिनेटमध्ये. एक सेल बिघडला आणि २४० जळाले तर “विशिष्ट यंत्र” कोणतं? तो एक सेल? मग बाकी २३९ हे “दुसरं यंत्र”, त्यांना आग पसरून लागली, पैसे मिळायला हवेत. का तो एक पॅक? मग चार पॅकचे मिळतील. का अख्खं कॅबिनेट एकच यंत्र? मग आमच्या हातात शून्य. मी हा प्रश्न आमच्या एजंटला विचारला, त्यांनी ऑफिसला विचारला, ऑफिसने वर विचारला, आणि पहिलं उत्तर आलं ते असं की “मॅडम, सहसा कॅबिनेट धरतात”. सहसा! २०१७ नंतर मला सहसा हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो, म्हणून म्हटलं मला हे लेखी पाहिजे.

इथे एक गैरसमज माझाही होता तो सांगते, कारण जिनिंगवाल्या बऱ्याच लोकांचा होऊ शकतो. आपल्याकडे कापूस ओला आला आणि गंजी लावून ठेवला की आतून तापतो, कधी आपोआप पेटतो, त्याला पॉलिसीत स्पॉन्टेनियस कंबश्चन म्हणतात. जुन्या पॉलिसीत ते वगळलेलं असायचं, जास्तीचा प्रीमियम भरून अॅड-ऑन घ्यावा लागायचा, आम्ही दरवर्षी घ्यायचो. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या-मध्यम धंद्यांसाठी ज्या नव्या पॉलिसी आल्या, एका जागी ५ कोटीपर्यंत मालमत्ता असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि त्याच्या वर ५० कोटीपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा, त्यात हे आपोआप पेटणं आगीच्या व्याख्येतच घेतलंय. मला वाटलं झालं, बॅटरी पण आपोआपच पेटते, म्हणजे ती आलीच. पण नाही, विजेच्या यंत्राचं वगळणं वेगळ्या कलमात आहे आणि ते नव्या पॉलिसीतही तसंच उभं आहे. कापूस आपोआप पेटला तर ठीक, बॅटरी आपोआप पेटली तर ती विजेचं यंत्र आहे.

मग म्हटलं मशिनरी ब्रेकडाऊनची पॉलिसी घेऊ, यंत्र आतून बिघडलं, शॉर्ट झालं तर ती असतेच ना. असते. पण तिच्यात सहसा आग वगळलेली असते, कारण आगीसाठी वेगळी पॉलिसी आहे असं ते धरतात. म्हणजे आगीवाले म्हणणार हे शॉर्ट सर्किट आहे, ब्रेकडाऊनवाले म्हणणार ही आग आहे, आणि आपण मधोमध जळालेलं कपाट घेऊन उभे. मोठ्या कंपन्या इंडस्ट्रियल ऑल रिस्क घेऊन हे दोन्ही एका छत्रीत आणतात, आमच्यासारख्यांना निदान दोन्ही पॉलिसी एकाच कंपनीकडून घेणं आणि दोन्हीच्या मधली ही फट बंद करणारं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली लेखी दुरुस्ती, लिहून घेणं एवढं तरी करता येतं. मी तेच मागितलंय.

आता कोणी म्हणेल की ताई एवढं घाबरायला या बॅटऱ्या रोज पेटतात का? नाही पेटत, आणि हे मी मनापासून सांगते कारण मला भाऊंचा प्रोजेक्ट पाडायचा नाहीये. अमेरिकेतली इपीआरआय नावाची संशोधन संस्था जगभरच्या अशा घटनांची नोंद ठेवते, त्यांच्या अभ्यासात २०१८ ते २०२३ या काळात बसवलेल्या क्षमतेच्या मानाने घटनांचं प्रमाण ९७ टक्क्यांनी खाली आलंय. आणि मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे की ज्या घटनांचं कारण कळलं त्यात सेलपेक्षा जोडणी, बांधणी, बाकीची सिस्टिम यांतल्या चुका जास्त निघाल्या. म्हणजे कोणत्या कंपनीचा सेल आहे यावर आपण तासभर बोलतो आणि केबल कोण जोडणार, कूलिंगचे पाईप कोण तपासणार यावर पाच मिनिटं, ते उलट पाहिजे.

पण ज्या मोठ्या आगी झाल्या त्या विमावाल्यांच्या डोक्यात बसल्यात आणि आपल्या प्रीमियममध्ये त्या येतातच. कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला १६ जानेवारी २०२५ ला ३०० मेगावॉटची बॅटरी पेटली, हजारापेक्षा जास्त लोकांना घरं सोडावी लागली, हायवे बंद केला, मालक कंपनीने जवळपास ४० कोटी डॉलर हिशेबात तोटा म्हणून टाकले. ती सगळी बॅटरी एका जुन्या वीज केंद्राच्या बिल्डिंगमध्ये, एकाच छताखाली होती. आणि महिन्याभराने, १८ फेब्रुवारीला, तीच राख परत पेटली. याच्या उलट ऑस्ट्रेलियात जिलाँगजवळ ३० जुलै २०२१ ला टेस्टिंग चालू असताना एका कंटेनरमध्ये कूलंट गळालं, तो पेटला, वाऱ्याने ज्वाळा शेजारच्यावर गेल्या, आग पूर्ण आटोक्यात यायला चार दिवस गेले, पण बाहेर उघड्यावर वेगवेगळे उभे असल्यामुळे दोनच गेले, दोनशेच्या वर कंटेनर वाचले. विमा काढणारा माणूस या दोन चित्रांकडे बघूनच रेट ठरवतो, त्याचा प्रश्न असतो की वाईटात वाईट झालं तर एकावेळी किती जाईल.

हे मी भाऊंना दाखवलं कारण त्यांनी कॅबिनेटची जागा ठरवली होती चेंबर आणि रुईच्या गोडाऊनच्या मधल्या बोळात, पत्र्याखाली. कारण केबल कमी लागते आणि सावली आहे. सावलीचं बरोबर आहे, आपल्याकडच्या उन्हात लोखंडाला हात लावला तर फोड येतो. पण तो बोळ म्हणजे हंगामात रुईचा कचरा उडत असलेली जागा, फिल्टर आठ दिवसात बुजणार, आणि एका बाजूला गाठी. अमेरिकेच्या एनएफपीए ८५५ या नियमात बाहेरच्या बॅटरीसाठी इमारतीपासून, जळणाऱ्या मालापासून १० फूट असं अंतर दिलंय, पण तो नियम लिहिणाऱ्यांनी आमचं गोडाऊन डिसेंबरमध्ये बघितलेलं नाही. मी ४० फूट म्हणतेय, पूर्वेच्या कंपाउंडकडे, वर स्वतंत्र साधी शेड, चारही बाजूंनी मोकळी. केबलचा खर्च वाढतो, हो. भाऊंची बायको, माझी धाकटी जाऊ, तिने पण माझ्या बाजूने मत टाकलं, ती चेंबरमध्ये रोज पहाटे जाते.

मोकळी का तेही सांगते, कारण व्हेंडरचा मुलगा आला होता तो म्हणाला आत गॅसची फायर सिस्टिम आहे, आग लागली की आपोआप विझते. ॲरिझोनात १९ एप्रिल २०१९ ला असंच झालं होतं. बंद कंटेनर, आत गॅसची सिस्टिम सुटली, पण सेल आतून तापतच राहिले आणि जळणारे वायू सोडत राहिले, कंटेनर भरत गेला, काही तासांनी फायर ब्रिगेडच्या लोकांनी दार उघडलं आणि स्फोट झाला. माणसं गंभीर जखमी झाली. ज्वाळा दिसत नाहीत याचा अर्थ विझलं असा नाही, आणि हे आपल्या कापसाच्या गाठीसारखंच आहे फक्त इथे धुराऐवजी हायड्रोजन आहे. म्हणून मी वॉचमन काकांना आत्ताच सांगून ठेवलंय की बॅटरी आली आणि कधी काही झालं तर दार उघडायचं नाही, जवळ जायचं नाही, मेन पाडायचा, लांबून फायर ब्रिगेडला सांगायचं की लिथियम आहे. पाणी मारायचं ते गोडाऊनच्या भिंतीवर आणि आजूबाजूला.

त्याच मुलाने अजून एक सांगितलं, “मॅडम आपला माल यूएल ९५४०ए पास आहे.” मी वाचलेलं असल्यामुळे विचारलं की त्यात पास-नापास असतं कुठे? ती टेस्ट आहे, मुद्दाम एक सेल पेटवून बघतात की आग सेलमधून मॉड्यूलमध्ये म्हणजे सेलच्या गठ्ठ्यात, मॉड्यूलमधून कॅबिनेटमध्ये, एका कॅबिनेटमधून दुसऱ्यात जाते का. निकाल म्हणजे रिपोर्ट असतो, काय झालं त्याचं वर्णन. तो रिपोर्ट द्या. आणि मला तो विम्यासाठीच पाहिजे, कारण जर रिपोर्टमध्ये दिसलं की एक सेल पेटवल्यावर आग पॅकच्या बाहेर गेली नाही तर मी कंपनीला म्हणू शकते की बघा, पॅक हा वेगळा धरा, अख्खं कॅबिनेट एक यंत्र धरू नका. रिपोर्ट अजून आलेला नाही, “पाठवतो” चालूये.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी ऐका, ज्यांनी बॅटरी घेऊन टाकलीये त्यांनी तर नक्कीच. आगीच्या पॉलिसीत एक अट असते की धंद्याच्या जागेत जोखीम वाढेल असा काही बदल केला तर कंपनीला कळवून तशी नोंद करून घ्या, नाहीतर संरक्षण थांबू शकतं. फक्त बॅटरीचं नाही, सगळ्याचं! म्हणजे आवारात बॅटरी आणून ठेवली, कळवलं नाही, आणि उद्या त्यातून आग गोडाऊनला लागली तर रुईच्या पैशांवर सुद्धा कंपनी बोट ठेवू शकते. २०१७ ला जे आम्हाला मिळालं ते पण हातचं जाईल. आमच्या ओळखीतल्या एकाने मागच्या वर्षी बसवली, मी सहज विचारलं विमा कंपनीला कळवलं का, तर म्हणे सोलरवाल्याने सगळं केलं असेल. सोलरवाला तुमच्या विम्याचं काही करत नाही हो.

रकमेचं पण बघा. आपल्याकडे सवय आहे विमा कमी रकमेचा काढायचा, प्रीमियम वाचतो म्हणून. ५० लाखाचा माल, विमा ३० लाखाचा, जळाले १० लाखाचे, तर १० लाख मिळतील असं वाटतं ना? ६ लाख मिळतात, कारण तुम्ही ५० पैकी ३०च विमा काढलाय तर नुकसानही त्याच प्रमाणात. बॅटरी आणल्यावर मालमत्तेची बेरीज वाढते, ती विम्यात वाढवली नाही तर हाच प्रकार. आणि बॅटरीचा विमा नवीन बदलून मिळेल अशा किमतीवर काढायचा, घसारा वजा करून नाही.

मग राखेचं काय करायचं? हे माझ्या डोक्यात आधी आलंच नव्हतं. जुन्या पॉलिसीत मलबा हटवायला क्लेमच्या १ टक्का एवढाच खर्च धरलेला असायचा. कापसाच्या राखेला तेवढं पुरतं, ट्रॅक्टर लावला की झालं. जळालेल्या लिथियम बॅटरीत काही सेल अजून चार्ज असतात, परत पेटू शकतात, ते कोणी भंगारवाला नेणार नाही, बॅटरी वेस्टचे २०२२ चे नियम आहेत, रजिस्टर्ड रिसायकलरकडेच द्यावं लागतं आणि तो माणूस जळगावात दाराशी उभा नाही. मलब्यासाठी वेगळी, जास्तीची रक्कम मागितलीये मी.

आणि शेजारी. पूर्वेच्या कंपाउंडला लागून एका काकांची केळीची बाग आहे, पाच हजार खोडं. आपला विमा आपल्या मालमत्तेचा, धूर त्यांच्या बागेवर गेला, विझवायचं पाणी त्यांच्या विहिरीत उतरलं तर त्याला पब्लिक लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची पॉलिसी, वेगळी लागते आणि तिच्यात अचानक झालेलं प्रदूषण धरलंय का ते विचारून घ्यावं लागतं. खरं सांगते, मला पैशापेक्षा या गोष्टीचं जास्त वाटतं. केळीवाला आधीच हवामानाच्या विम्यासाठी दरवर्षी तापमानाचे आकडे बघत बसलेला असतो, त्यात आपल्यामुळे त्याच्या घडांवर काजळी नको. त्या काकांकडे मी आणि आबा स्वतः जाऊन बसलो, चहा घेतला, सगळं सांगितलं की असं असं आणतोय, तुमच्या बाजूने शेड येतेय. ते म्हणाले भिंत उंच करा. करतोय.

डेटाचं एक राहिलं. बॅटरीचा बीएमएस, म्हणजे तिच्यावर लक्ष ठेवणारी कंट्रोल सिस्टिम, सेकंदा-सेकंदाचं तापमान आणि व्होल्टेज लिहून ठेवतो, सर्व्हेअर सगळ्यात आधी तेच मागणार, आग कुठल्या पॅकमधून सुरू झाली हे त्यातूनच कळणार. आणि माझा तो यंत्र कोणतं हा वाद पण त्यावरच सुटणार. पण तो डेटा जर त्याच कपाटात असेल तर तो पण जळाला. म्हणून करारात लिहून घेतलंय की रोजची कॉपी आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आली पाहिजे, फक्त व्हेंडरच्या सर्व्हरवर नाही, कारण वाद झाला तर व्हेंडर पण वादातली एक बाजू असणार आहे.

आज सकाळपर्यंतची परिस्थिती अशी. कंपनीकडून मेल आलाय, बॅटरी मालमत्तेच्या यादीत घ्यायला तयार आहेत, ४० फूट अंतराची अट त्यांनीच लेखी घातलीये, मलब्याची रक्कम वाढवायला हो म्हणालेत, जास्तीचा प्रीमियम कळवणार आहेत. यंत्र कोणतं या प्रश्नावर लिहिलंय “टेक्निकल टीमकडे पाठवले आहे”. भाऊ म्हणतात वहिनी आपण ॲडव्हान्स तरी देऊन टाकू, भाव परत वाढला तर? मी म्हटलं दोन आठवडे थांबा. आबांनी मेलची प्रिंट मागितली, चष्मा लावून पूर्ण वाचली, त्या शेवटच्या ओळीखाली पेनाने रेघ मारली आणि कागद २०१७ च्या फायलीत लावून ठेवला.